तरुणांचें मन आणि तरुणांचा सल्ला

गेल्या हंगामांत सोयाबीनची काढणी ऐन भरांत असतां आमच्या भागांतील एका मोठ्या गांवीं मानसिक आरोग्याचें शिबिर भरलें होतें. त्याच्या आंखणीच्या बैठकीस आम्हीहि होतों, म्हणून मुद्दाम तें पाहावयास गेलों. मंगळवारचा दिवस, सकाळीं अकराची वेळ, जागा आरोग्यकेंद्राचा व्हरांडा. डॉक्टर वेळेवर आले, कापडी फलक लागला, चहा झाला. दुपारीं दोनपर्यंत सात-आठ वृद्ध मंडळी येऊन गेली. त्यांपैकीं बहुतेकांची तक्रार झोपेची व गुडघ्यांची. ज्यांच्याकरितां म्हणून शिबिर जाहीर केलें होतें, त्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींपैकीं एकहि जण तिकडे फिरकला नाहीं.

सायंकाळीं दूध घालावयास आलेल्या कांहीं मुलांना आम्ही संकलन केंद्रापाशीं गांठलें व न येण्याचें कारण विचारलें. प्रथम तीं नुसतीं हसलीं. मग एक जण म्हणाला, "काका, त्या बाकावर बसलों कीं दिवस मावळायच्या आंत घरीं बातमी जाते. आई रडत बसेल आणि बहिणीचें जमत आलेलें स्थळ मोडेल." दुसऱ्यानें सांगितलें कीं, अकरा वाजतां तो शेतांत असतो आणि त्याचा धाकटा भाऊ कॉलेजांत. तिसरा बराच वेळ गप्प होता. अखेर तो एवढेंच बोलला, "फलकावर 'मनोरुग्ण तपासणी' लिहिलें होतें. मी कांहीं रोगी नाहीं. मला रात्रीं झोप येत नाहीं आणि पुढें काय करायचें तें सुचत नाहीं, इतकेंच." या मुलाच्या वडिलांच्या डोक्यावर कर्ज आहे आणि बारावीनंतर त्याचें शिक्षण सुटलें आहे, हें आम्हांस मागाहून कळलें.

जागा, वेळ आणि शब्द हे तीन दोष त्या मुलांनीं दहा मिनिटांत दाखविले. आम्हां आंखणी करणाऱ्यांपैकीं एकालाहि ते आधीं सुचले नव्हते. ज्याला पेरावयाचें त्यालाच न विचारतां वांटलेलें बियाणें घरांत पडून राहतें, हा अनुभव आपल्या वाचकांस नवा नाहीं. येथेंहि तेंच घडलें.

ही गोष्ट आम्हांस हंसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणीप्रमाणें, आयुष्यांत केव्हां तरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकीं निम्म्यांचा आजार चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांशांचा चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेला असतो. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत १३ ते १७ वयाच्या मुलांत हें प्रमाण शेंकडा सुमारें ७.३ आढळलें; आणि निरनिराळ्या मानसिक आजारांत शेंकडा ७० ते ९२ रोग्यांस उपचारच मिळत नव्हता. ज्या वयांत रोग मूळ धरतो, त्याच वयाचीं माणसें दवाखान्यापासून सर्वांत दूर राहतात.

ऑस्ट्रेलियांत या प्रश्नाचा विचार आधीं झाला. तेथील सरकारनें २००६ सालीं 'हेडस्पेस' नांवाची संस्था उभी केली. १२ ते २५ वर्षांच्या मुलामुलींसाठीं तिचीं केंद्रें आहेत व त्यांची संख्या आतां दीडशेंहून अधिक झाली आहे. मनाची चिकित्सा, शरीराची तपासणी, व्यसनासंबंधीं मदत आणि काम व शिक्षण यांविषयींचा सल्ला हीं चारहि कामें एका छपराखालीं होतात; त्यामुळें आंत शिरणारा कशासाठीं आला, हें बाहेरच्यास कळत नाहीं. आमच्या गांवच्या बाकाची आठवण येथें झाल्यावांचून राहिली नाहीं. केंद्रास जोडून तरुणांचें एक सल्लागार मंडळ असतें, आणि सबंध देशासाठीं निराळें. जागा कशी असावी, जाहिरातींत काय लिहावें, हें त्यांना विचारलें जातें. नवे कर्मचारी निवडतांना कांहीं ठिकाणीं तरुण प्रतिनिधीहि मुलाखतीस बसतात. या योजनेचें सर्वच कांहीं गोड आहे असें मात्र नाहीं. २०१५ सालच्या मूल्यमापनांत, येणाऱ्यांच्या प्रकृतींत पडलेला फरक अल्प असल्याचें दिसून आलें. दार उघडें झालें म्हणजे आंतील औषधहि आपोआप गुणकारी होतें, असा समज कोणीं करून घेऊं नये.

जवळचें उदाहरण गोव्याचें आहे. तेथें १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेनें २०१६ च्या सुमारास गोवा व दिल्ली येथील शाळांतील मुलांसाठीं 'प्राइड' हा उपक्रम हातीं घेतला. मुलांशीं बोलून पाहतां असें दिसलें कीं, 'मानसिक आजार' हा शब्द त्यांस नकोसा होता. त्यांचा शब्द 'टेन्शन'. आपल्या खेड्यांतील मुलेंहि हाच शब्द वापरतात, तो परका म्हणून नाकारण्यांत काय हंशील? घोळण्याची संवय मोडून अडचण नीट मांडणें, तिच्यावरचे उपाय काढणें आणि त्यांतला एक करून पाहणें, अशी साधी रीत शिकविण्याचें ठरलें. त्यासाठीं चित्रकथांच्या पुस्तिका झाल्या, आणि मोबाईलवरचा एक खेळहि मुलांच्या सहभागानें रचला गेला. २०१८ सालीं दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून ही रीत अजमावण्यांत आली. पुस्तिकेबरोबर समुपदेशकाची गांठ पडलेल्या मुलांचा त्यांनीं स्वतः सांगितलेल्या अडचणींचा भार, केवळ पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षां अधिक उतरला. आजाराच्या सर्वसाधारण मापांत मात्र सहा आठवड्यांअखेर दोहोंत ठळक अंतर पडलें नाहीं.

आपल्या विदर्भांतहि अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत गांवचेच कार्यकर्ते तयार करून काम झालें, तेव्हां नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं उपचारापर्यंत पोंचणाऱ्यांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें. गांवचा माणूस गांवांत विश्वास कमावतो, हें यावरून दिसतें. तरुणांच्या बाबतींत हा गांवचा माणूस तरुणच असावा, इतकीच आमची पुढची मागणी.

"पोरांना काय कळतें?" हा आक्षेप आम्ही बैठकींत ऐकला आहे. औषध कोणतें द्यावें हें मुलांनीं ठरवावें, असें कोणींच म्हणत नाहीं. अठरा वर्षांखालील मुलाच्या उपचारांत पालकास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें स्थान आहे, आणि कोणी जीव देण्याचा विचार बोलून दाखविला, तर तें गुपित म्हणून ठेवावयाचें नसतें. हें मुलांना आरंभींच सांगितलें पाहिजे. याहून खरी अडचण दुसरीच आहे. बैठकीस बोलाविलें म्हणजे कॉलेजांतले दोन चुणचुणीत वक्ते येतात, मान डोलावली जाते, आणि मजुरीस जाणारी मुलगी घरींच राहते. मुलींची बैठक निराळी, त्यांच्या सवडीनें व बाईमाणसाच्या उपस्थितींतच घ्यावी लागेल. ज्याची रोजी बुडते त्याला ती भरून द्यावी, ही गोष्टहि आपल्या संस्थेस अवघड नाहीं.

तूर्त ज्यांना थांबवत नसेल, त्यांच्यासाठीं सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून चालविलेली 'टेली-मानस' ही दूरध्वनीची सोय आहे. क्रमांक १४४१६, तो अहोरात्र चालतो, पैसे पडत नाहींत व मराठींतहि बोलतां येतें. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर तो रंगवून घ्यावा, अशी आमची सभासदांस विनंती आहे.

त्या गांवचें पुढचें शिबिर सायंकाळीं सात वाजतां, शाळेच्या मागील खोलींत भरावयाचें आहे. त्याच दिवशीं तेथें बारावीनंतरच्या शिक्षणाची व नोकऱ्यांची माहितीहि मिळेल. ही कल्पना मुलांची. फलक लिहिण्याचें काम आम्ही त्या तिसऱ्या मुलाकडे दिलें होतें. त्यानें दोन दिवस घेतले आणि एकच ओळ लिहून आणली: "झोप लागत नसेल तर या."