मूस आणि ठसा

जुन्या माळेतली एखादी पुतळी, म्हणजे सोन्याची नाण्यासारखी चकती, भिंगाखाली धरा. एका बाजूला दोन माणसं, मध्ये उभी काठी, काठीच्या टोकाला झेंड्यासारखं काहीतरी. उलट बाजूला लंबगोलात उभी एकच आकृती, भोवती टिंबं. कडेनं अक्षरांसारख्या रेघा, पण कुठल्याच लिपीत त्या लागत नाहीत. साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत या जोडीला कुणी राम-सीता म्हणतं, कुणी राम-लक्ष्मण. मुळात त्यातला एक आहे सेंट मार्क, व्हेनिस नगरीचा रक्षक संत. आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज घेणारा तिथला डोज, म्हणजे राज्यप्रमुख. मागच्या लंबगोलात येशू ख्रिस्त आहे आणि ती टिंबं म्हणजे तारे.

व्हेनिसनं हे सोन्याचं नाणं पाडायचं ठरवलं ते १२८४मध्ये. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. पुढची पाचशे वर्षं त्यांनी ना वजन बदललं ना चित्र. बदललं ते फक्त गादीवरच्या डोजचं नाव. म्हणून तर मलबारच्या बंदरापासून पेशवाईतल्या पेढ्यांपर्यंत ते डोळे झाकून घेतलं जाई. व्यापारात आलेलं नाणं बायकांच्या गळ्यात गेलं, आणि मागणी पुरेना तेव्हा इथल्या सोनारांनी तसंच घडवायला घेतलं. लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून ती रेघा झाली. गुडघे टेकलेला डोज नकलेगणिक उठत गेला आणि शेवटी संताच्या बरोबरीनं उभा राहिला. तमिळ मुलखात याच नाण्याला ‘शानान काशू’ म्हणत, कारण तिथल्या लोकांना त्या काठीत ताडाचं झाड दिसलं आणि डोजमध्ये त्यावर चढणारा शानान, म्हणजे ताडी काढणारा. ज्यानं त्यानं आपल्या ओळखीचं चित्र त्यात पाहिलं आणि पुढच्या ठशात ते थोडं अधिक स्पष्ट कोरलं.

म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठमोळा दागिना म्हणतो, त्याचा उगम एका परदेशी नाण्याच्या नकलेत आहे. मला यात कमीपणा दिसत नाही. नेपोलियनच्या फौजेपुढे व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७मध्ये संपलं. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८३२मध्ये, चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगलीत गणेश गाडगीळांनी सराफी सुरू केली. तीच पेढी पुढे पु. ना. गाडगीळ नावानं वाढली आणि १९५८मध्ये दाजीकाका गाडगीळांनी ती पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरही नेली. मूळ टांकसाळ बंद पडली, तरी सांगलीच्या सराफ कट्ट्यावर आणि साताऱ्याच्या पेठांत पुतळ्यांची माळ आजही मागितली जाते. आता बहुतेक पुतळ्यांवर लक्ष्मी असते. नकलेनं मूळ नाण्यापेक्षा जास्त आयुष्य काढलं.

असं का झालं, याचं उत्तर याच दोन जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यात आहे. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि पलीकडे साताऱ्यातलं माण-खटाव. इथल्या घराघरांतून माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. तमिळनाडू-केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत, जिथे सराफ बाजार आहे तिथे या मुलखातला गलाईवाला सापडतो. मोडीला आलेला दागिना तो मुशीत घालतो, त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवतो आणि तेजाबात सोडतो. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी उरतो तो तपकिरी भुगा. तो धुऊन पुन्हा आटवला की पिवळं धमक तेजाबी सोनं. तेजाबात गेलेली चांदीही वाया जात नाही. तांब्याचे पत्रे बुडवले की ती त्यांवर बसते. दुकानाच्या झाडलोटीतली धूळसुद्धा विकत घेऊन तिच्यातून सोनं काढणारे हे लोक. त्यांच्या हातून कण सुटत नाही. नमुना मात्र एकही वाचत नाही.

सोन्याच्या दागिन्याचं हे दुर्दैव आहे. देवळाचा दगड कुणी वितळवत नाही, पैठणी जीर्ण झाली तरी काठ ठेवता येतो. सोनं मात्र अडीनडीला मोडण्यासाठीच घेतलेलं असतं. मुलीचं लग्न, विहीर, दवाखाना, वाटणी. प्रत्येक वेळी एखादा डाग मुशीत जातो. अशा वस्तूचा पहिला, मूळ नग शोधत बसण्यात अर्थ नाही. तो केव्हाच कुणाच्या तरी बांगड्यांत मिसळलेला असतो. ठुशी, बोरमाळ, चपलाहार, वज्रटीक, पलीकडच्या कोल्हापूरचा साज, यातलं जे आपल्यापर्यंत आलं ते आईच्या दागिन्यावरून लेकीसाठी पुन्हा घडवलं गेलं म्हणून आलं. ‘आजीच्या माळेसारखीच करून द्या, वजन तेवढं कमी बसवा,’ या एका वाक्यावर मराठी दागिन्यांचा इतिहास चालत आला आहे.

पण त्या वाक्याचा दुसरा भाग सोपा नाही. खऱ्या नाण्याच्या तीस पुतळ्या म्हणजे एकशेपाच ग्रॅम, नऊ तोळे झाले. तीच माळ दीड-दोन तोळ्यांत बसवायची तर पत्रा कागदासारखा पातळ करावा लागतो. लगड चेपून, पुन:पुन्हा तापवून मऊ करत पत्रा काढायचा; तो ठशावर ठेवून वर शिशाचा तुकडा धरायचा आणि हातोडीचा एकच नेमका घाव घालायचा. शिसं मऊ असल्यानं पत्रा न फाटता ठशाच्या खाचाखोचांत उतरतो. घाव कमी पडला तर लक्ष्मीचा चेहरा सपाट, जास्त पडला तर नाकाशी चीर. मग कातरीनं कड कापायची, टाकणखार लावून डाक द्यायचा, कडी बसवायची. शेवटी पटवेकरी ती रेशमात गाठवतो आणि गोंडा बांधतो. यातली प्रत्येक पायरी चांगली किंवा वाईट करता येते, आणि माझ्या मते दागिन्याचं अस्सलपण इथे ठरतं. नमुना कुणाचाही असो, ठसा कुणी कोरला आणि घाव कुणी घातला, हे पाहायला हवं.

ठसा कोरणाऱ्यानं दर वेळी चित्र नव्यानं समजून घेतलेलं असतं. आज दुसराच रस्ता सोपा झाला आहे: तयार दागिन्यावरून रबराचा साचा, त्यातून मेण, मेणावरून ओतकाम. थंड होताना प्रत्येक टप्प्यावर वस्तू किंचित आक्रसते आणि कडा बोथट होतात. साच्यावरून साचा काढत गेलं, की कोल्हापुरी साजातला मासा आणि कासव ओळखू येईनासे होतात. सोनाराच्या अज्ञानातून झालेल्या चुकांनी पुतळीला राम-सीता दिले. यंत्राच्या चुका चित्र नुसतं पुसत जातात. एक ग्रॅमच्या आणि बेन्टेक्सच्या दागिन्यांवर माझा राग नाही. ज्या बाईला सोनं परवडत नाही तिनं लग्नात पुतळ्यांची माळ का घालू नये? राग आहे तो बावीस कॅरेटच्या भावात विकल्या जाणाऱ्या बोथट कामावर.

कायदा इथे फारसा उपयोगी नाही. २०००च्या डिझाइन कायद्यानं संरक्षण मिळतं ते नव्या नमुन्याला, तेही नोंदणी केली तर आणि जास्तीत जास्त पंधरा वर्षं. पुतळी कुणाच्याच मालकीची होऊ शकत नाही, आणि तसंच असावं. चार पाकळ्यांची आकृती शतकानुशतकं जगाची होती. पॅरिसच्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सनं १९६८मध्ये तिचा ‘अल्हाम्ब्रा’ हार केला आणि आज तिच्या नकलांवरून वाद होतात. रोमच्या कास्तेल्लानी घराण्याची एकोणिसाव्या शतकातली कीर्ती तर प्राचीन इट्रुस्कन दागिन्यांच्या उघड नकलेवर उभी होती. पण त्यांनी जुने नग जमवले, जुनी रवेकामाची रीत जाणणारे कारागीर खेड्यापाड्यांतून शोधले, आणि आपल्या कामावर आपली खूण उमटवली.

आपल्याकडे ती खूण सराफाची असते, कारागिराची कधीच नाही. १९६३च्या सुवर्ण नियंत्रणानं चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी घातली, तेव्हा देशभरच्या सोनारांच्या भट्ट्या विझल्या आणि कित्येकांनी धंदाच सोडला. १९६८मध्ये आलेला सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला, पण मोडलेली पिढी परत आली नाही. आता पेढ्यांमागच्या खोल्यांत बरंचसं काम बंगाली कारागीर करतात, आणि उत्तम करतात. हॉलमार्कचा शिक्का सोन्याचा कस सांगतो. तो दागिना कुणी घडवला हे सांगत नाही.

करता येण्यासारखं एक काम आहे आणि त्याला सरकारची वाट पाहावी लागत नाही. मोडीला आलेला प्रत्येक जुना डाग मुशीत टाकण्यापूर्वी सराफानं त्याचे फोटो काढावेत, पुढून आणि पाठीमागून. वजन, गाव आणि घरात त्याला काय म्हणत ते लिहून ठेवावं. भंगारात निघालेले ठसे किलोवर विकू नयेत. विट्याच्या गलाईवाल्यांची माणसं तर देशातल्या सराफ बाजारांत बसलेली आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर एकट्या महाराष्ट्राची नव्हे, कोइम्बतूरपासून कानपूरपर्यंतच्या दागिन्यांची नोंद या दुष्काळी तालुक्यांत जमा होईल.