जाळ्याचे डोळे उघडे ठेवताना

घोड नदीवरच्या डिंभे धरणात मत्स्यबीज वाढवायचा तरंगता पिंजरा काठावरून पाहिला, तर तिथे काही काम चालत असेल असे वाटतच नाही. रिकाम्या पिंपांवर टेकलेली चौकट, तिला आतून टांगलेली नायलॉनच्या जाळ्याची चौकोनी पिशवी, पिशवी ताणून धरणारी वजने, एवढेच. जाळ्याची कड हाताने वर ओढली की खरा प्रकार कळतो. जाळे बुळबुळीत आणि जड झालेले असते. शेवाळ, बारीक गाळ आणि खाद्याचा चिकटा यांनी आस (जाळ्याची भोके) बुजत आलेले असतात. मग मऊ ब्रश घेऊन एकेक बाजू घासायची, ती पाण्यात सोडायची आणि दुसरी उचलायची. आतल्या माशांना धक्का लागू नये म्हणून हे सगळे सावकाश करावे लागते. चार बाजू झाल्या की तळ उरतो, आणि सर्वांत जास्त घाण तिथेच साठलेली असते.

या कामाला पर्याय नाही, कारण पिंजऱ्याला दुसरी गाळणी नाही. मासा खातो त्या प्रथिनांतला नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. घरातल्या काचेच्या टाकीत हा अमोनिया स्पंजच्या गाळणीत वाढणारे जिवाणू हाताळतात. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच असते. दुसरे जिवाणू त्याचे पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नवीन टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला काही आठवडे जातात. मेक्सिकोचा ॲक्झोलॉटल हा पाण्यातच राहणारा उभयचर पाळणारे म्हणूनच प्राणी आणण्याआधी टाकी तयार करतात, प्रवाह मंद ठेवतात आणि पाणी 16 ते 18 अंशांच्या आसपास राखतात. जलाशयातल्या पिंजऱ्यात यातले काहीच नसते. तिथे वारा आणि पाण्याची हालचाल आतली घाण बाहेर नेते, बाहेरचा प्राणवायू आत आणते. हे सगळे जाळ्याच्या भोकांतून होते. भोके बुजली की जलाशय तुडुंब भरलेला असूनही पिंजऱ्यातले मासे गुदमरतात.

यात एक पेच आहे. जिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली या चढत्या क्रमात मासा जितका लहान, तितका जाळ्याचा आस बारीक हवा, नाहीतर पिल्ले निसटतील. आणि आस जितका बारीक, तितका तो लवकर बुजतो. म्हणजे पिल्ले सर्वांत नाजूक असतात त्याच दिवसांत जाळेही सर्वांत लवकर तुंबते. मासे वाढले की मोठ्या आसाचे जाळे लावता येते आणि घासण्याचा ताण उतरतो. रोहूला शेवाळ खरवडून खायची सवय असल्याने तो थोडी मदतही करतो, पण त्याच्या भरवशावर पिंजरा सोडता येत नाही. खेकड्यांनी जाळे कातरले आहे का, हेही घासतानाच हाताला कळते. एका भोकातून रात्रीत किती मासे जातील याचा नेम नसतो.

एवढा खटाटोप मुळात करायचा कशाला? इंचभर मत्स्यबीज थेट जलाशयात सोडले, तर त्यातले बहुतेक मोठ्या माशांच्या पोटात जाते. तेच पिंजऱ्यात दोन-तीन महिने वाढवून 80 ते 100 मिलिमीटरची बोटुकली करून सोडले, तर जगण्याची शक्यता बरीच वाढते. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा हे जुने, परवडणारे खाद्य. पण ते जास्त झाले की आधी पाण्यात कुजते आणि मग जाळ्याला चिकटते. म्हणून मासे किती खातात हे पाहूनच पुढची मूठ टाकायची. पहाटेची वेळ विशेष जपावी लागते. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरत असते, त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी असतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. उन्हाळ्यात पाणी तापते तशी ही शिल्लक आटते, आणि तापलेल्या पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो.

हे शास्त्र डिंभ्याच्या काठी ज्यांनी हाताने शिकून घेतले, ते पिढ्यान् पिढ्यांचे मासेमार नव्हते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातले महादेव कोळी डोंगरउतारावर भात पिकवणारे. धरणाने जुने आंबेगाव आणि आसपासच्या गावांची शेती पाण्याखाली घेतली, तेव्हा समोर उरले ते पाणीच. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने विस्थापितांची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली आणि मुंबईच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेने पिंजऱ्यांचे तंत्र दिले. ‘शाश्वत’ला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुरस्कार मोठाच आहे. पण ज्याची खाचरे बुडाली, त्याने त्याच पाण्यात पिल्ले जगवायला शिकावे, हे त्याहून मोठे वाटते.

ॲक्झोलॉटलच्या मूळ घरीही अशीच एक धडपड चालू आहे. मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्को कालव्यांत 1998 साली चौरस किलोमीटरमागे सुमारे 6000 ॲक्झोलॉटल मोजले गेले होते; 2014 पर्यंत ही संख्या 36 वर आली. पाणी प्रदूषित झाले, आणि बाहेरून आणून सोडलेल्या कार्प व तिलापिया माशांनी अंडी-पिल्ले फस्त केली. तिथल्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचे लुईस झांब्रानो आणि चिनांपांवर, म्हणजे कालव्यांमधल्या पारंपरिक बेटवजा शेतांवर, पिके घेणारे शेतकरी मिळून शेताकडेच्या लहान कालव्यांच्या तोंडाशी गाळण्या बसवतात. पाणी स्वच्छ होऊन आत यावे आणि मासे बाहेरच राहावेत, असा त्यामागचा हिशेब. पिल्ले आत, खाणारे बाहेर, पाणी मात्र मोकळे: डिंभ्यातला पिंजराही हेच करतो.

डिंभ्यात मात्र एक गोष्ट मासेमारांच्या हातात नाही, ती म्हणजे पाण्याची पातळी. धरण कुकडी प्रकल्पाचे आहे. डाव्या कालव्यातून इथले पाणी जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणात जाते आणि पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोहोचते. आवर्तन, म्हणजे कालव्याचे ठरावीक पाणी, सुटले की धरणातले पाणी उतरू लागते. पिंजरा काठाच्या उथळात अडकला, तर जाळ्याचा तळ चिखलाला टेकतो आणि घासून काही उपयोग होत नाही. तो वेळेत खोल पाण्यात ओढून न्यावा लागतो. कोणत्या तालुक्याला किती पाणी यावरून कालवा सल्लागार समितीत दरवर्षी रस्सीखेच होते. ज्यांची जमीन या धरणाखाली आहे, त्या मासेमारांना आवर्तनाची तारीख आणि उतरणाऱ्या पातळीचा अंदाज आधी लेखी मिळायलाच हवा. त्यासाठी धरणातले थेंबभर पाणीही जास्त लागत नाही. तारीख हातात असली की पिंजऱ्याचे नांगर आदल्या दिवशी उचलता येतात, खाद्य थांबवून मासे हलके ठेवता येतात आणि सकाळच्या गारव्यात पिंजरा जुन्या नदीपात्राच्या दिशेने सावकाश ओढता येतो.