विलायतेतलं बाळंतपण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीच्या निमित्ताने ब्रिटनला गेलेल्या जोडप्याकडे गोड बातमी आली की सल्ल्यांना तोटा राहत नाही. इकडून आई धास्तावून विचारते, 'तिथे म्हणे डॉक्टर बघतसुद्धा नाहीत?' तिकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, 'आम्हाला तर कळा येत असताना घरी पाठवलं.' आणि सासूबाईंनी परस्पर ठरवलेलं असतं की नातवंडाला ब्रिटिश पासपोर्ट मिळणार. यातलं काही अर्धवट खरं असतं, काही साफ खोटं. गोंधळाचं मूळ मात्र बहुतेक वेळा एकच. आपल्याकडे बाळंतपणात डॉक्टर आणि घरातल्या मोठ्या बायका ठरवतात, पोटुशी ऐकते. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, तिने स्वतः कळवायचं, विचारायचं आणि ठरवायचं अशी अपेक्षा असते. जी गप्प राहते तिची तिथे गैरसोय होते. पुढची माहिती मुख्यतः इंग्लंडची आहे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तपशील थोडे बदलतात.

गैरसमज १ : डॉक्टर तपासत नाहीत, म्हणजे हयगय करतात.

वस्तुस्थिती : सगळं सुरळीत असेल तर गरोदरपण आणि प्रसूती या दोन्ही गोष्टी मिडवाइफच सांभाळते. तिला 'सुईण' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अनुभवावर शिकलेली गावातली बाई येते, त्यामुळे घरचे घाबरतात. प्रत्यक्षात मिडवाइफ ही पदवी घेऊन सरकारी नोंदवहीत नाव लागलेली व्यावसायिक असते. तिच्या कामाला कायद्याची चौकट मिळाली ती १९०२ च्या मिडवाइव्ज ॲक्टने. तिच्याकडे नाव नोंदवायला जीपीची, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही; इस्पितळाच्या संकेतस्थळावरून थेट नोंदणी करता येते. पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी असा दंडक आहे. पहिलटकरणीला साधारण दहा भेटी मिळतात. सोनोग्राफी बाराव्या आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास, अशी दोनदाच होते. आपल्याकडे दर महिन्याला सोनोग्राफी करून घेणाऱ्यांना हे कमी वाटतं, पण गुंतागुंत दिसली की सोनोग्राफीही वाढतात आणि प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरही येतात.

गैरसमज २ : कळा सुरू झाल्या की तडक हॉस्पिटल गाठायचं. घरी परत पाठवलं तर तो हलगर्जीपणा.

वस्तुस्थिती : पहिल्या बाळंतपणात सुरुवातीच्या कळा तासन् तास, कधी दिवसभरसुद्धा चालू शकतात. गर्भाशयाचं तोंड साधारण ४ सेंटिमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की प्रसूती खऱ्या अर्थाने सुरू झाली असं तिथे धरतात. त्याआधीचा वेळ घरी, आपल्या माणसांत, चालत-फिरत, थोडं खात-पीत घालवला तर बाईला सोपं जातं, हा त्यामागचा विचार. म्हणून आधी निघायचं नाही, आधी फोन करायचा. मॅटर्निटी ट्रायाजचा, म्हणजे प्रसूती विभागातल्या पहिल्या तपासणी-कक्षाचा नंबर केसपेपरवर किंवा ॲपमध्ये असतो आणि तो दिवसरात्र चालू असतो.

या फोनवर नेमकं काय होतं ते माहीत असलेलं बरं. मिडवाइफ विचारते: कितवा आठवडा, कितवं बाळंतपण, कळा किती मिनिटांनी येतात, किती वेळ टिकतात, पाणी गेलं का, रक्त दिसतंय का, बाळ हलतंय का. शक्यतो फोन बाईकडेच द्यायला सांगते. मग ती सहज वाटावं असं बोलत राहते, आणि कान मात्र एकाच गोष्टीकडे असतो: कळ आली की समोरचीचं बोलणं थांबतं का? वाक्य पुरं करता येत असेल तर बहुधा अजून वेळ असतो. मध्येच आवाज तुटला, श्वास जड झाला की 'या आता' असं सांगते. साधारणपणे दर पाच मिनिटांनी नियमित कळा येऊ लागल्या की बोलावतात. दुसऱ्या खेपेला, घर लांब असल्यास किंवा आधीची गुंतागुंत असल्यास लवकर. इथे आपल्या बायका एक घोटाळा करतात. दातओठ खाऊन, आवाज न करता, 'आय ॲम फाइन' म्हणतात. पलीकडची बाई ते खरं मानते. दुखतंय तर दुखतंय म्हणा, आणि धीर सुटत असेल तर पुन्हा फोन करा. किती वेळा करावा याला मर्यादा नाही.

गैरसमज ३ : सिनेमात दाखवतात तसं आधी पाणी जातं, मग कळा येतात, आणि शेवटच्या दिवसांत जागा कमी झाल्याने बाळ कमी हलतं.

वस्तुस्थिती : बहुतेकींना आधी कळा येतात. ज्यांचं पाणी आधी जातं त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्के जणींना २४ तासांत आपोआप कळा सुरू होतात. पण वाट पाहायची ती फोन केल्यानंतर, कारण पिशवी फुटल्यावर जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. २४ तास उलटले तर कळा आणण्याचा उपाय सुचवतात. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, म्हणजे बाळाने आत शी केली असेल, तर लगेच कळवायचं.

जागा कमी पडल्याने हालचाल मंदावते ही समजूत तर सरळ धोक्याची आहे. बाळ प्रसूती सुरू होईपर्यंत, अगदी कळा चालू असतानाही हलत राहिलं पाहिजे. हालचाल कमी वाटली, पद्धत बदलली, थांबली, किंवा रक्त गेलं, तर गोड खाऊन, पाणी पिऊन सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्रीसुद्धा फोन करा. खोटा गजर ठरला म्हणून कुणी रागावत नाही.

गैरसमज ४ : तिथे 'नॉर्मल'चा हट्ट असतो, कळा सोसायला लावतात आणि सिझेरियन करत नाहीत.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये आता दहापैकी चारहून अधिक बाळं सिझेरियनने जन्माला येतात. वैद्यकीय कारण नसतानाही बाईने मागणी केली, तिच्याशी दोन्ही बाजूंचे धोके बोलून झाले आणि तरी ती ठाम असेल, तर सिझेरियन द्यावं असं तिथली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. वेदना कमी करण्याचीही सोय आहे. प्रसूतीत भूल घेणं योग्य की अयोग्य हा वाद त्या देशाने पुष्कळ घातला आहे. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतल्यावर त्या वादाचा नूर पालटू लागला. आज 'गॅस अँड एअर' म्हणजे निम्मा नायट्रस ऑक्साइड आणि निम्मा ऑक्सिजन नळीतून ओढायला मिळतो. कोमट पाण्याचा टब असतो, इंजेक्शन असतं आणि एपिड्युरल, म्हणजे पाठीत सुई देऊन घ्यायची भूलही असते. एपिड्युरलने कंबर जन्माची धरते याला आधार नाही. त्याने सिझेरियनची शक्यताही वाढत नाही. मात्र जोर देण्याचा टप्पा लांबू शकतो आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लागण्याची शक्यता वाढते. एक गोष्ट आधीच पक्की करा: एपिड्युरल फक्त डॉक्टर असलेल्या लेबर वॉर्डात मिळतं. घरी किंवा मिडवाइफ चालवत असलेल्या केंद्रात ते मिळत नाही. जागा निवडताना हे लक्षात असू द्या.

'तिने ठरवायचं' हा केवळ शिष्टाचार राहिलेला नाही. स्कॉटलंडमधल्या नेडीन माँटगोमेरी यांना मधुमेह होता. बाळाचे खांदे अडकण्याचा धोका त्यांना आधी सांगितला गेला नाही, खांदे अडकले आणि बाळाला गंभीर इजा झाली. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या-त्या बाईच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरेल असा कुठलाही धोका, आणि त्याला असलेले पर्याय, डॉक्टरांनी तिला सांगितलेच पाहिजेत, असं कायद्याने ठरलं. आतून तपासणी करायची तरी आधी विचारतात, आणि 'आत्ता नको' म्हणता येतं.

गैरसमज ५ : आपलं इंग्रजी तोकडं, म्हणून नवरा बोलेल.

वस्तुस्थिती : नवरा प्रसूतीच्या खोलीत असतोच, सिझेरियनच्या वेळीही बहुधा उशाशी बसू देतात. पण वैद्यकीय निर्णयांसाठी घरच्या माणसाला दुभाषा करू नये असं एनएचएसचं धोरण आहे. मराठी दुभाषा विनामूल्य मागता येतो, समोर किंवा फोनवर. पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. ऐन कळांमध्ये शोधाशोध नको.

गैरसमज ६ : त्यांचे नियम गोऱ्या लोकांसाठी, आपल्या प्रकृतीचं त्यांना काय कळणार?

वस्तुस्थिती : दक्षिण आशियाई वंश हा गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका मानला जातो. म्हणून वजन बेताचं असलं तरी २४ ते २८ आठवड्यांत साखरेचं पाणी पाजून रक्ततपासणी करतात. सावळ्या त्वचेला तिथला उन्हाचा तुटवडा अधिक जाणवतो, त्यामुळे 'ड' जीवनसत्त्वाची रोजची १० मायक्रोग्रॅमची गोळी चुकवू नये. बीसीजीची लस तिथे सरसकट सगळ्या बाळांना देत नाहीत हे खरं. पण आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी भारतासारख्या क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्मलेलं असेल, तर बाळ त्या लसीला पात्र ठरतं. साधारण २८ दिवसांनंतर ती मिळते. निरोप आला नाही तर आपण विचारायचं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारल्यास काही रुग्णालयं सांगतात. भारतात १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.

गैरसमज ७ : दुसऱ्या दिवशी घरी काढतात आणि बाळंतिणीला वाऱ्यावर सोडतात.

वस्तुस्थिती : सगळं नीट असेल तर प्रसूतीनंतर सहा ते चोवीस तासांत घरी सोडतात, सिझेरियननंतर थोडं अधिक ठेवतात. मात्र त्यानंतर मिडवाइफच घरी येते किंवा जवळच्या केंद्रात बोलावते. पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड, सिकलसेल अशा आजारांची तपासणी होते. दहा ते चौदा दिवसांत हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाची पुढची देखभाल पाहणारी प्रशिक्षित नर्स येते, सहा ते आठ आठवड्यांनी जीपी आई आणि बाळ दोघांनाही तपासतो. नोंदी 'रेड बुक' नावाच्या लाल वहीत होतात.

सवा महिन्याचा आराम, शेक, मालिश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू यांना कुणाची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती मधाला. नवजात बाळाला मध चाटवण्याची आपली रीत तिथे निक्षून थांबवतात, कारण मधातल्या जंतूंमुळे क्वचित पण जिवावर बेतणारा बोट्युलिझम होऊ शकतो. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नको, हा नियम भारतातल्या बाळालाही तितकाच लागू आहे.

हेल्थ व्हिजिटर 'तुला कसं वाटतंय' असं विचारते, तो प्रश्न केवळ चौकशीपुरता नसतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य तिला हेरायचं असतं. नॉर्वेत एका भारतीय कुटुंबाची मुलं सरकारी यंत्रणेने ताब्यात घेतली, त्या प्रकरणाची चर्चा झाल्यापासून 'रडू येतं असं सांगितलं तर बाळ काढून नेतील' ही भीती अनेकींच्या मनात बसली आहे. मन उदास आहे एवढ्यावरून कुणी मूल नेत नाही. उपचार आणि मदत मिळते.

गैरसमज ८ : एनएचएस सगळ्यांना फुकट. किंवा याच्या उलट : व्हिसावर असलेल्यांना काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती : वर्क व्हिसावर जाणाऱ्या बहुतेकांनी व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरलेला असतो, फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड झाला. त्यात बाळंतपण येतं. इंग्लंडमध्ये गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर वर्षभर औषधं आणि एनएचएसचे दातांचे उपचारही माफ असतात. त्याचं प्रमाणपत्र मिडवाइफकडून मागून घ्यायचं. पर्यटक व्हिसावर गेलेल्या लेकीचं बाळंतपण मात्र सवलतीत बसत नाही. तिला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. पैसे नाहीत म्हणून प्रसूतीची सेवा नाकारता किंवा लांबवता येत नाही, पण बिल मागे लागतं.

व्हिसावर 'सरकारी निधीवर हक्क नाही' असा शेरा असतो. तो चाइल्ड बेनिफिटसारख्या भत्त्यांना लागू आहे. प्रसूतिरजेच्या पगाराला नाही. नोकरदार बाईला ५२ आठवडे रजा मिळते. नोकरीच्या मुदतीच्या आणि पगाराच्या अटी पुऱ्या असतील तर त्यातले ३९ आठवडे कायदेशीर वेतन: पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के, पुढे ठरावीक रक्कम किंवा ९० टक्के, यातलं जे कमी असेल ते.

गैरसमज ९ : तिथे जन्मलं की बाळ ब्रिटिश. नाही झालं तर भारतीय तर आहेच.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. १ जानेवारी १९८३ पासून केवळ जन्माने ब्रिटिश नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असावे लागतात. दोघंही वर्क व्हिसावर असतील तर बाळ ब्रिटिश नाही. आणि परदेशात जन्मलेलं मूल आपोआप भारतीयही होत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत जन्मनोंद करावी लागते, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

क्रम असा: आधी तिथल्या रजिस्ट्रारकडे जन्माची नोंद. इंग्लंड-वेल्समध्ये ४२ दिवसांत, स्कॉटलंडमध्ये २१ दिवसांत. नाव तेव्हाच लिहिलं जातं, त्यामुळे बारसं बाराव्या दिवशी करणाऱ्यांची अडचण होत नाही. आत्याला विचार करायला वेळ आहे. दाखला मागताना आई-वडिलांची नावं असलेला मोठा दाखला घ्या, छोट्यावर ती नसतात. मग वकिलातीतली नोंद आणि भारतीय पासपोर्ट, त्यानंतर बाळाचा डिपेंडंट व्हिसा. व्हिसा हातात येण्याआधी आजी-आजोबांना भेटायला बाळाला घेऊन भारतात आलात, तर परत जाताना अडकाल. पुढे आई-वडील कायम रहिवासी झाले की मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. मात्र ती केली की भारतीय नागरिकत्व सुटतं.

बाळंतविडा तयार करताना चार गोष्टी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा: ट्रायाजचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी ९९९, 'मला मराठी दुभाषा हवा' हे वाक्य इंग्रजीत, आणि ४२ दिवसांची तारीख. तो कागद नवऱ्याला दाखवा, पण फोन स्वतः करायची तयारी ठेवा.