गर्भापर्यंत पोहोचणारी टंचाई

आर्थिक संकटात घरातले धान्य शेवटी कमी होते. आधी आटते दूध, मग फळे आणि पालेभाजी. नेमक्या याच पदार्थांचा बाळाच्या वाढीशी किती जवळचा संबंध असतो, हे पुण्यात मोजले गेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा आहार, कष्ट आणि बाळांची मापे नोंदवली. बाळांचे सरासरी वजन जेमतेम २.७ किलो भरले. अडीच किलोखालचे बाळ कमी वजनाचे धरतात. दूध, फळे आणि पालेभाज्या वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे अधिक भरलेली होती. केवळ पोट भरणे पुरेसे नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. शेतकाम, विहिरीवरून पाणी आणणे असे कष्ट जिथे जास्त, तिथे बाळांचे वजन कमी आढळले. या खेड्यांतली बाळे किडकिडीत दिसली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त होते. पुढे मधुमेहाचा धोका इथूनच सुरू होतो, असे याज्ञिक मांडतात. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीत गर्भात असलेल्यांच्या रक्तातील साखरेचे नियंत्रणही प्रौढ वयात बिघडलेले दिसले.

टंचाईचा फटका आहारापुरता थांबत नाही. रोजंदारीवरील स्त्रीला दवाखान्यातील तपासणी म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर रिक्षाभाडे. हातात पैसा नसला की तपासणी पुढे ढकलली जाते. रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब उशिरा कळतो. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई म्हणून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात.