हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग

हृदयविकार म्हटला म्हणजे छातीत अकस्मात उठणारी कळ, दरदरून सुटलेला घाम आणि घरच्यांची धावपळ असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. प्रस्तुत पुस्तिकेत ज्या विकाराचा परिचय करून द्यावयाचा आहे, तो बहुधा असा गाजावाजा करीत येत नाही. सायंकाळी थोडा ताप चढतो, रात्री अंग घामाने भिजते, अन्नावरची वासना उडते, वजन उतरू लागते. असे दोन-तीन पंधरवडे निघून जातात. कोणी हिवताप म्हणतो, कोणी विषमज्वर, कोणी क्षयाची शंका घेतो. आपल्या देशात हे तिन्ही रोग नांदत असल्यामुळे अशी शंका घेणाऱ्यास दोषही देता येत नाही. परंतु रुग्णाच्या हृदयाची एखादी झडप पूर्वीच बिघडलेली असेल, तर या तापाचे मूळ त्या झडपेवर असू शकते.

हृदयाच्या भिंतीला तीन थर असतात आणि तिहींनाही जंतूंची बाधा होऊ शकते. बाहेरच्या आवरणात क्षयाचे जंतू शिरले म्हणजे तेथे पाणी साचते. ते फार झाले की हृदयाला फुलावयास जागा उरत नाही आणि सुईने ते काढून घ्यावे लागते. मधला थर स्नायूंचा. त्याला विषाणू पछाडतात आणि घटसर्पाचे विषही त्यावर आघात करते. बरेच रुग्ण यातून पूर्ण बरे होतात, तर काहींचे हृदय कायमचे दुबळे होते. राहिला आतला थर. झडपांवरही याच थराचे आच्छादन असते. आपला विषय तो.

झडपेची पाकळी पातळ असते आणि दिवसातून सुमारे 1 लाख वेळा उघडते व मिटते. ती गुळगुळीत असेल तोवर जंतूंना तेथे सहसा थारा मिळत नाही. पण ती जाड झाली, आकसली किंवा नीट मिटेनाशी झाली, म्हणजे तेथे रक्ताचा प्रवाह घुसळला जातो, पृष्ठभाग खरवडतो आणि त्या खरबरीत जागी रक्ताच्या साखळ्याचा एक सूक्ष्म लेप बसतो. दातांच्या मुळाशी वसणारे स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू अधूनमधून रक्तात उतरतच असतात. एरवी ते काही मिनिटांत नष्ट होतात. अशा लेपावर मात्र त्यांना घर सापडते. जंतू वाढतात, त्यांच्यावर साखळ्याचा आणखी थर चढतो, पुन्हा जंतू वाढतात. या पुंजक्याला इंग्रजी ग्रंथांत ‘व्हेजिटेशन’ म्हणतात. वनस्पतींशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही, म्हणून येथे साधा ‘मोड’ हा शब्द योजिला आहे. कडधान्याला फुटावा तसा तो झडपेला फुटलेला दिसतो.

या मोडाच्या गाभ्यात पांढऱ्या पेशी पोचू शकत नाहीत. पाकळीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे त्या बाजूनेही मदत येत नाही. खालची झडप हळूहळू कुरतडली जाते, फाटते आणि हृदयावरचा भार असह्य होतो. शिवाय मोड ठिसूळ असतो. त्याचा कण सुटून मेंदूत अडकला तर अर्धांगवायू होतो. मूत्रपिंडात किंवा प्लीहेत अडकला तर तेथील भाग मरतो. कधी नखाखाली कुसळ रुतल्यासारखी काळसर रेघ दिसते. ती लहान असली तरी जाणत्या वैद्याला पुष्कळ सांगून जाते.

ऑस्ट्रियाचा विख्यात संगीतकार गुस्टाव्ह माह्‌लर याची कहाणी या रोगाचे स्वरूप स्पष्ट करते. त्याच्या हृदयाच्या झडपेतील दोष 1907 साली वैद्यांना आढळला होता. 1911 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथे त्याला घसादुखी व ताप सुरू झाला. तशाही स्थितीत 21 तारखेला त्याने वाद्यवृंदाचे संचालन केले. ते अखेरचेच ठरले. डॉक्टर इमॅन्युएल लिबमन यांच्या साहाय्यकाने त्याचे रक्त काढून जंतूंच्या संवर्धनास ठेविले, आणि त्यात स्ट्रेप्टोकॉकस उगवले. निदान अचूक होते. उपाय कोणापाशीच नव्हता. 18 मे 1911 रोजी वयाच्या 50 व्या वर्षी व्हिएन्ना येथे त्याचा अंत झाला. त्या काळी हा रोग जडलेला रुग्ण क्वचितच वाचे.

1940 नंतरच्या दशकात पेनिसिलिन आले आणि हे चित्र पालटले; तरीही रोगाची धास्ती संपलेली नाही. आजही रुग्णालयात उपचार चालू असताना सुमारे पाचांपैकी एक रुग्ण दगावतो. औषध मोडाच्या गाभ्यापर्यंत पोचावे लागते आणि तेथील जंतू सुस्त असल्यामुळे लवकर मरत नाहीत. म्हणून बहुधा 4 ते 6 आठवडे शिरेतून औषध द्यावे लागते. सुमारे निम्म्या रुग्णांची झडप शस्त्रक्रियेने दुरुस्त करावी लागते किंवा बदलावी लागते. स्टॅफिलोकॉकस हा त्वचेवरचा जंतू तर निरोगी झडपेलाही सोडीत नाही. दूषित सुईने मादक द्रव्ये टोचून घेणारे, किंवा शिरेत दीर्घकाळ नळी ठेवावी लागलेले रुग्ण त्याच्या तावडीत सापडतात आणि काही दिवसांतच अत्यवस्थ होतात.

निदान मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: ध्वनिलहरींनी काढलेले हृदयाचे चित्र, ज्याला सर्वजण ‘इको’ म्हणतात, आणि रक्तातील जंतूंचे संवर्धन. यासाठी निरनिराळ्या वेळी सुई टोचून निदान तीनदा रक्त घेतात. आपल्याकडे घोटाळा होतो तो येथे. ताप आला की दुकानातून चार गोळ्या आणून घेण्याची सवय जडलेली आहे. तेवढ्या औषधाने मोडातील जंतू मरत नाहीत, पण रक्तात फिरणारे दबून जातात. ताप चार दिवस उतरतो आणि पुन्हा चढतो. पुढे रक्त तपासले तर त्यात काहीच उगवत नाही. कोणत्या जंतूशी गाठ आहे हे न कळता वैद्याला अंदाजाने औषध द्यावे लागते. झडपेचा दोष ज्याला ठाऊक आहे, त्याने ताप येताच प्रथम तो दोष डॉक्टरांना सांगावा, आणि पहिली गोळी घेण्यापूर्वी रक्त काढावयाचे का, हे विचारावे.

आपल्या देशात झडपा बिघडविणारे एक मोठे कारण म्हणजे संधिवाती ज्वर. 5 ते 15 वर्षांच्या मुलांना जंतूंमुळे घसादुखी होते. दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि जंतूंशी लढणारी शरीराची शक्ती हृदयावरच उलटते. अशा मुलाला दर 3 किंवा 4 आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई कित्येक वर्षे द्यावी लागते. मूल खेळू-बागडू लागले की आईबाप ती थांबवितात. ज्वर उलटतो आणि झडप अधिक बिघडते.

दात काढण्यापूर्वी जंतुविरोधी औषधाची एक मात्रा पूर्वी झडपेचा दोष असलेल्या बहुतेक सर्वांना देत असत. 2007 पासून हा सल्ला आवरता घेण्यात आला. आता ती मुख्यतः कृत्रिम झडप बसविलेल्यांना, हा रोग एकदा होऊन गेलेल्यांना आणि काही जन्मजात दोष असलेल्यांना देतात. दात घासताना व चावतानाही जंतू रक्तात उतरतात आणि वर्षभराचा हिशेब केला तर त्यांची संख्या एका दाताच्या उपटण्याहून कितीतरी अधिक भरते, हे त्याचे एक कारण होय. हिरड्या निरोगी असतील तर हे उतरणे कमी होते. म्हणून झडपेच्या रुग्णाने दंतवैद्याकडे दात दुखू लागण्याची वाट न पाहता जावे, आणि खुर्चीवर बसण्यापूर्वी आपल्या हृदयाचे कागद त्याला दाखवावे.