शुभवर्तमान आधी कोणत्या भाषेत उतरले?

बीदर जिल्ह्यातल्या औरादच्या माणसाला भाषांची सरमिसळ समजावून सांगावी लागत नाही. निजामाच्या राजवटीत या भागात घरोघरी मराठी आणि कानडी बोलली जाई, कचेरीचा कारभार मात्र उर्दूत चाले. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तेव्हाच्या मुंबई राज्याच्या वाट्याला आले आणि औराद म्हैसूर राज्यात गेले. मराठीत दिलेली साक्ष कारकुनाने उर्दूत नोंदवली, तर मूळ कोणते मानायचे, बोललेले की लिहिलेले? ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मूळ भाषेचा वाद शतकानुशतके याच प्रश्नापाशी येऊन अडतो.

जुन्या कराराबद्दल फारसा झगडा नाही. तो हिब्रूत आहे. मुख्यतः दानीएल आणि एज्रा या पुस्तकांतले काही भाग अरामी. वाद आहे तो नव्या करारावर. येशू गालीलातले, त्यांची रोजची बोली अरामी. सभास्थानात वाचन हिब्रूचे, आणि रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात व्यापार नि कारभार ग्रीकचा. क्रूसावरची पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती, असे योहानाचे शुभवर्तमानच सांगते.

दुसऱ्या शतकातले पापियस हे बिशप लिहून गेले की मत्तयाने प्रभूची वचने 'हिब्रू भाषेत' संकलित केली. पापियसचा ग्रंथ हरवला, पण हे विधान चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात टिकले. त्याच इतिहासात भारतीय वाचकाने थबकावे अशी एक नोंद आहे. अलेक्झांड्रियाचे पंटेनस 'भारतात' गेले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांजवळ हिब्रू लिपीतले मत्तयाचे शुभवर्तमान होते आणि ते बर्थलमय या प्रेषिताने ठेवले होते, असे म्हणतात. हा भारत कोणता? काही अभ्यासकांनी बोट ठेवले ते आपल्या कल्याण बंदरावर. मात्र त्या काळचे लेखक अरबस्तान आणि इथिओपियालाही भारत म्हणत, त्यामुळे ही नोंद पुरावा म्हणून तोकडी पडते. सहाव्या शतकातल्या कॉस्मस या प्रवाशाची साक्ष जास्त भरवशाची. कल्याणला इराणात दीक्षा मिळालेला बिशप असल्याचे त्याने लिहिले आहे. इराणच्या त्या चर्चची धर्मभाषा सिरियाक, म्हणजे अरामीचीच एक शाखा.

याच चर्चच्या परंपरेत 'पेशिट्टा' हे सिरियाक बायबल पूज्य आहे आणि नवा करार मुळात याच भाषेत लिहिला गेला, अशी श्रद्धा आहे. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांनी हा वारसा शतकानुशतके जपला. क्लॉडियस ब्युकॅनन १८०६ साली तिथे गेले, तेव्हा त्यांना एक प्राचीन सिरियाक बायबल भेट मिळाले. ते हस्तलिखित आज केंब्रिज विद्यापीठात आहे. नवा करार मुळात अरामीत लिहिला गेला, हा दावा विसाव्या शतकात जॉर्ज लाम्सा यांनी अमेरिकेत हिरिरीने मांडला. १९५७ साली त्यांनी पेशिट्टावरून इंग्रजी बायबलही काढले.

तरीही पुराव्याचे पारडे ग्रीककडे झुकते, आणि चांगलेच झुकते. नव्या कराराची सर्वांत जुनी हस्तलिखिते ग्रीक आहेत. मँचेस्टरमधला योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा चिमुकला तुकडा साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानला जातो, तोही ग्रीकच. पौलाने पत्रे लिहिली ती करिंथ, फिलिप्पै, रोम इथल्या मंडळ्यांना, आणि तिथे अरामी कोण वाचणार? जुन्या पेशिट्टात नव्या कराराची बावीसच पुस्तके आहेत. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाची दुसरी-तिसरी पत्रे, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण त्यात नाहीत. सर्वांत बोलका पुरावा मार्काचा. याईराच्या मुलीला येशू उठवतात तेव्हाचे 'तलीथा कूम' हे अरामी शब्द मार्क जसेच्या तसे देतो आणि लगेच त्यांचा अर्थ सांगतो. अरामी वाचकांसाठी लिहिणाऱ्याला अशी फोड करायची गरज नव्हती.

म्हणून लेखन ग्रीक, पण त्यामागची आठवण अरामी, हेच उत्तर पटणारे आहे. अरामीचा आग्रह धरणारे चुकतात ते लेखनाबाबत; येशूंच्या बोलण्याबाबत त्यांची ओढ रास्त आहे आणि तिला हसण्याचे काही कारण नाही.

मराठीचा या वादाशी संबंध फार जवळचा आहे. १६१६ साली गोव्यात प्रसिद्ध झालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' लिहिले गेले तेव्हा ट्रेंटच्या परिषदेने १५४६ साली लॅटिन बायबलला दिलेली प्रमाण ग्रंथाची मान्यता कॅथलिक जगात पक्की झाली होती. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचा ओढा मूळ भाषांकडे. बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथांच्या मदतीने १८११ साली मराठी नवा करार छापला. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली स्वतःचे भाषांतर आणले. जॉन विल्सन यांनी तर कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंसाठी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीतून लिहिले. ज्यांच्या प्रार्थनेची भाषा हिब्रू त्यांना ती मराठीतून शिकवणारे हे पुस्तक आज जवळजवळ विस्मरणात गेले आहे, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

या सगळ्यांत पंडिता रमाबाईंचे काम वेगळेच. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केल्या. मूळ भाषांवरून सारे बायबल सोप्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायचे, हा त्यांचा ध्यास. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रियांनी छपाईचे काम शिकून घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या भाषांतरावरून भाषांतर करण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता. तो त्यांनी नाकारला, आणि या वादात एकट्या मराठी बाईने घातलेली एवढी मोलाची भर दुसरी नाही.

मराठी चर्चमध्ये आज बायबल सोसायटीचे भाषांतर रूढ आहे. मत्तयाचा एखादा अध्याय त्यातून आणि रमाबाईंच्या भाषांतरातून शेजारी ठेवून वाचणारे अभ्यासवर्ग मुंबई-पुण्यापासून बीदरपर्यंत निघायला हवेत. विल्सन यांच्या हिब्रू व्याकरणाची नवी आवृत्ती, आणि तिच्या जोडीला मराठीतून ग्रीक शिकवणारे सुटसुटीत पाठ्यपुस्तक, एवढे आधी हाती यावे.