पंधरा सामने, पंधरा डरकाळ्या!

माहीत आहे का, अमेरिकेतल्या एका कॉलेज टीमने एकाच सीझनमध्ये तब्बल ७२६ पॉइंट्स कुटले होते? साल २०१९, टीम लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, म्हणजेच एलएसयू टायगर्स. सामने १५, विजय १५, पराभवाच्या रकान्यात भोपळा! आणि हो, हा मेस्सीचा फुटबॉल नव्हे बरं का. हेल्मेट चढवून, चेंडू बगलेत मारून, समोरच्याला आडवं करत पळायचा अमेरिकन फुटबॉल.

हीरो कोण? क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून हल्ला रचणारा खेळाडू, जो बरो. आधीच्या कॉलेजात, ओहायो स्टेटमध्ये, साहेबांना एकही सामना सुरुवातीपासून खेळायला मिळाला नव्हता. २०१८ मध्ये एलएसयूत आले, १६ टचडाउन पास (म्हणजे थेट गुण मिळवून देणारे) फेकले. ठीकठाक! पुढच्या सीझनला किती? ६०! मोठ्या कॉलेजांच्या फुटबॉलमधला तेव्हाचा रेकॉर्ड. नाव बरो, नेम बरोबर! (दोनच वर्षांत वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ पास टाकून तो मोडला, ते सोडा.)

त्याआधी अलाबामाच्या टीमने एलएसयूला सलग आठ वेळा लोळवलं होतं. नोव्हेंबरमध्ये टायगर्स त्यांच्याच मैदानात घुसले आणि ४६-४१ ने हिशेब चुकता करून आले.

सेमीफायनलचं नाव पीच बोल. तिथे ओक्लाहोमाची बोलती बंद! हाफटाइमच्या आतच बरोचे सात टचडाउन पास, शेवटचा स्कोअर ६३-२८. ओक्लाहोमाने मध्यंतरातच बस सुरू केली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती.

फायनल तर धमालच. टायगर्स विरुद्ध टायगर्स! क्लेम्सनची टीमही टायगर्स, आणि दोघांच्याही होम ग्राउंडचं टोपणनाव 'डेथ व्हॅली'. कॉपी कुणी कुणाची केली, हा वाद दोन्हीकडचे फॅन्स अगदी मनापासून घालतात. १३ जानेवारी २०२० ला एलएसयूने ४२-२५ ने बाजी मारली आणि क्लेम्सनच्या सलग २९ विजयांची मालिका तुटली.

आता खरा मसाला ऐका. एलएसयू चार राष्ट्रीय विजेतेपदं मिरवतं: १९५८, २००३, २००७ आणि २०१९. या चारही सीझनचा शेवटचा सामना झाला कुठे? न्यू ऑर्लीन्समध्येच! आणि १९५८ च्या सीझनअखेरीस समोर कोण होतं? क्लेम्सन! तेव्हाचा स्कोअर ७-०. एखाद्या पटकथाकाराने हे लिहून दिलं असतं, तर निर्मात्याने 'जरा अती होतंय' म्हणून परत पाठवलं असतं.

जिंकल्यावर बरो ड्रेसिंग रूममध्ये ऐटीत सिगार ओढत बसला. तिकडे मैदानावर एलएसयूचा माजी खेळाडू ओडेल बेकहॅम ज्युनिअर पोरांच्या हातात नोटा ठेवत होता, आणि कॉलेज खेळाडूंना तेव्हा असे पैसे घ्यायला मनाई! युनिव्हर्सिटी म्हणाली, नोटा खोट्या असाव्यात. बरो म्हणाला, खऱ्या! पुढे युनिव्हर्सिटीने बेकहॅमला दोन वर्षं टीमच्या आवारात यायला बंदी केली. खुशी महागात पडली.

पण बरो नुसता स्टायलिश नाही हं. सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइजमन ट्रॉफी स्वीकारताना ओहायोतल्या आपल्या अथेन्स भागात पोरं उपाशी झोपतात, हे सांगताना त्याचा गळा दाटून आला. भाषण संपलं आणि तिथल्या अन्नपेढीकडे देणग्यांची रांग लागली. जमले पाच लाखांहून जास्त डॉलर! माझ्या मते अख्ख्या सीझनचा सगळ्यात भारी पास हाच.

आणि टीमचा मॅस्कॉट? कापूस भरलेला नाही, जिवंत वाघ! नाव माइक, गादीवरचा सातवा. स्टेडियमसमोर त्याचा प्रशस्त बंगला आहे. सामन्याला मात्र त्याला नेत नाहीत. गोंगाट माणसांनी करावा, वाघोबांनी लोळावं!

२०२० च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, एलएसयूचे १४ खेळाडू उचलले गेले. पहिल्या फेरीतला पहिला नंबर बरोचा आणि शेवटचा, बत्तिसावा, त्याच्याच टीममधल्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरचा. म्हणजे फेरी उघडली एलएसयूने, मिटवलीही एलएसयूनेच. बरोला घेतलं कुणी? सिनसिनाटी बेंगल्सने. वाघ गेला वाघांकडेच!

राहिले कोच एड ऑर्जरॉन. आवाज असा, की खडी क्रशरने त्यांच्याकडे क्लास लावावा. तरुणपणी हे एलएसयूत खेळायला आले आणि थोड्याच दिवसांत घरी पळाले होते. त्याच कॉलेजला त्यांनी विजेतेपद दिलं, आणि २०२१ मध्ये कॉलेजने त्यांना नारळ दिला. नारळासोबत किती? सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर!